सुरुवात ‘ळ’पासून



आज एका मुलाविषयी लिहिते आहे. खरं तर त्याच्याविषयी कमी आणि त्याच्या बाबतीत माझ्याकडून झालेल्या चुकीविषयी जास्त. ही चूक तुमच्याही वर्गात होत असेल, कदाचित तुमच्या घरातही. मला ती कळायला एक अख्खं वर्ष गेलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून लिहिते.

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल काहींच्या ओळखीची असेल. कर्जत सोडलं की पळसदरी, मग केळवली, डोलवली, लौजी आणि शेवटी खोपोली. गाडी कर्जत तालुक्यातून खालापूर तालुक्यात शिरते, एका बाजूला घाटाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी फलाटावर बसून राहायचं. गेली काही वर्षं मी याच गाडीने शाळेत जाते-येते. शाळा दोनशिक्षकी, जिल्हा परिषदेची. पटावर गावातली काही मुलं आणि कातकरी वाडीवरची काही.

त्यातलाच हा एक. त्याचं खरं नाव लिहीत नाही. वाडीवर आणि वर्गात सगळे त्याला बारक्या म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पहिलीत बारक्या माझ्याकडेच होता. दिवाळीनंतर त्याचे आईबाप वीटभट्टीवर गेले तेव्हा तोही गेला, थेट मे महिन्यात परत आला. तरीही वर्ष संपताना मी त्याच्या नावापुढे ‘वाचतो’ असं लिहिलं. का लिहिलं? कारण तो वाचायचा! पुस्तक उघडून, ओळीखालून बोट फिरवत, मान डोलावत, खणखणीत आवाजात. कविता तर अशी म्हणायचा की बाकीची मुलं त्याच्याकडे बघत राहायची.

दुसरीचा जुलै महिना. पाऊस असा की वर्गात दोन ठिकाणी बादल्या ठेवलेल्या. मुलांची दप्तरं भिजलेली. बारक्याच्या जुन्या पुस्तकाचं एक पान भिजून सुटलं होतं आणि हरवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला सहज म्हटलं, “बारक्या, मागच्या वर्षीचा धडा वाच बघू.” तो वाचू लागला. बोट ओळीखालून फिरतंय, आवाज तोच. पान संपलं, त्याने उलटलं, पुढे वाचू लागला. मी शेजारीच उभी होते म्हणून माझी नजर पुस्तकावर गेली. समोर दुसऱ्याच धड्याचं पान होतं. मधलं पान पुस्तकात नव्हतंच, आणि बारक्या ते नसलेलं पान एकही शब्द न चुकता वाचत होता.

बोट एका धड्यावर आणि तोंड दुसऱ्या धड्यावर.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? त्याने मला फसवलं नव्हतं. त्याला वाटत होतं वाचन म्हणजे हेच. बाई म्हणतात, आपण ऐकतो, लक्षात ठेवतो, मग पुस्तकाकडे बघून म्हणतो. त्याची समजूत तशी झाली कारण वर्षभर मी नेमकं हेच करत आले होते. मी वाचायचे, वर्ग माझ्यामागून म्हणायचा. सगळ्यांचा एकत्र आवाज चढला की मला वाटायचं, वा, वर्ग वाचतोय.

दुसऱ्या दिवशी त्याला व्हरांड्यात एकटं बसवलं. ‘असर’ची चाचणी तुम्हाला माहीत असेल. प्रथम संस्थेने २००५ पासून देशभर गावोगाव केली, तिचा साधा तक्ता असतो. काही अक्षरं, काही शब्द, एक छोटा परिच्छेद, एक गोष्ट. मूल एकटं, मजकूर पूर्वी न पाहिलेला. चाचणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी जरा नाकच मुरडलं होतं. आता तिचीच आठवण झाली. मी तसंच काहीसं हाताने कागदावर लिहिलं आणि बारक्यापुढे ठेवलं. दहा अक्षरांपैकी त्याने तीन ओळखली. शब्द एकही नाही.

मग भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे नेलं. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत त्याने सुरात म्हणून दाखवलं. मी मध्येच ‘न’वर बोट ठेवलं. तो थांबला. मग ‘क, ख, ग, घ...’ असं मनातल्या मनात पुटपुटत, एकेक घर मोजत तिथपर्यंत आला आणि म्हणाला, “न!” चेहऱ्यावर केवढा आनंद. मला मात्र पोटात कसंतरी झालं.

पालकहो, ही तपासणी तुम्ही आज रात्री घरी करू शकता. मुलाला त्याच्या आवडीच्या धड्याच्या मधल्या ओळीपासून वाचायला सांगा. चित्रावर हात ठेवा. ओळीतला तिसरा शब्द कोणता ते विचारा. रागावून नाही, खेळ म्हणून. माझ्या नात्यातली एक मुलगी कर्जतच्या इंग्रजी माध्यमात आहे, तिच्यावर मी हाच प्रयोग केला. तिथेही तेच निघालं, फक्त भाषा वेगळी. फी भरल्याने हे टळत नाही.

आता माझी दुसरी चूक. त्या आठवड्यात मी घाबरून बारक्याला बाराखडी लिहायला लावली. रोज दहा वेळा. त्याने लिहिली, आणि काय सुंदर लिहिली! प्रत्येक अक्षर चित्रासारखं. ती त्याच्यासाठी चित्रंच होती. पंधरा दिवसांनी अक्षरओळख होती तिथेच, आणि मराठीचा तास सुरू झाला की बारक्याला लघवीला लागायची. एकदा गेला की तास संपेपर्यंत यायचा नाही. दुसऱ्या शिक्षकांना तो विहिरीजवळच्या आंब्याखाली सापडायचा. मुलं ‘नको’ म्हणत नाहीत हो, ती लघवीला जातात. पोट दुखतं म्हणतात. पेन्सिल हरवतात. याला आपण कामचुकारपणा म्हणतो.

केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत मी हा विषय काढला. एक जण म्हणाले, “वीटभट्टीवाल्यांची मुलं अशीच असतात.” एक जण म्हणाल्या, “डिस्लेक्सिया असेल, ‘तारे जमीन पर’मधल्यासारखा.” दोन्ही उत्तरं झटकन आली आणि दोन्हींनी माझं काम संपत होतं. पहिल्यात मूलच तसं, दुसऱ्यात आजारच तसा. पण मूल पाच-सहा महिने शाळेत नसतं, त्याची घरची बोली वेगळी, घरात छापील कागद म्हणजे बिस्किटाचा पुडा. यातलं काय कशामुळे, हे एका वाक्यात कसं ठरवायचं?

गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकांनी मला बरा सल्ला दिला. म्हणाल्या, “बाई, आधी कान-डोळे बघा. मग शिकवून बघा, मनापासून चार महिने. तरीही तसंच राहिलं तर पुढचं बघू.” राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा मी त्याला मुद्दाम पुढे केलं. डोळे ठीक होते. डावा कान वाहत होता. आजीला विचारलं तर म्हणाली, “त्यो तर बारीक हाय तवापासून व्हातो.” ‘त’ आणि ‘द’, ‘प’ आणि ‘ब’ यांत त्याचा गोंधळ व्हायचा त्याचं थोडं कारण इथे असू शकेल, असं मला तोवर सुचलंही नव्हतं. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दोन खेपा झाल्या, थेंब मिळाले, कान सुकला. मी त्याला मागच्या रांगेतून उचलून पुढे बसवलं, उजवा कान माझ्याकडे राहील असा. खरं तर ही पहिल्या आठवड्याची कामं.

मग भाषेकडे वळले. तक्त्यावर ‘य’ यज्ञाचा असतो, पाहिलाय ना तुम्ही? चौकोनी कुंड, त्यातून ज्वाळा. मी बारक्याला विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “भट्टी.” अगदी खात्रीने. त्याचं काय चुकलं? विटांची चौकोनी रास, आतून जाळ, त्याने आयुष्याचा अर्धा काळ तीच पाहिली आहे. ‘ऐ’ ऐरणीचा, तर ऐरण माझ्या वर्गातल्या कोणीच पाहिलेली नाही, मीसुद्धा जवळून नाही. म्हणजे मूल चित्र बघून प्रामाणिकपणे आपला शब्द सांगतं, आणि आपण म्हणतो चूक. पुढच्या वेळी ते गप्प बसतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्यात शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे. पण कातकरी ही मराठीच्या जवळची असली तरी वेगळी बोली आहे आणि मला ती येत नाही. निदान ‘भट्टी’ला ‘बरोबर’ म्हणणं तरी माझ्या हातात होतं.

खरी वाट सापडली ती गाडीत.

ऑगस्टमधली गोष्ट. सकाळच्या गाडीत बारक्याची आजी भेटली, टोपलीत टाकळा आणि कवळा घेऊन खोपोलीच्या बाजाराला निघालेली. बारक्या बरोबर होता. म्हणजे शाळा बुडवून! मला बघून तो आजीच्या पदराआड गेला. मी रागावले नाही, शेजारी बसवून घेतलं. गाडीचा वेग कमी झाला तसा तो खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, “केलवली आली.” मी म्हटलं, “कशावरून? डोलवली असेल.” तर म्हणाला, “न्हाई बाई. केलवलीला डोलं हायेत. डोलवलीला डोलं न्हाईत.”

मला कळेना. त्याने फलाटावरच्या पाटीकडे बोट केलं. केळवली. मधल्या ‘ळ’कडे. दोन गोल, शेजारी शेजारी, डोळ्यांसारखे.

आणि खरंच की! ‘केळवली’ आणि ‘डोलवली’, शेवट दोघींचा सारखा. फरक कुठे आहे ते या पोराने स्वतः शोधून ठेवलं होतं. ज्याला दहातली तीन अक्षरं येतात म्हणून मी वहीत लाल रेघ मारली होती, तो दोन पाट्यांमधला फरक डोळ्यांनी टिपत होता आणि त्याला नियम लावत होता. हे वाचनच होतं हो. माझ्या तक्त्यावर ‘ळ’ शेवटी येतो, ‘ह’च्या नंतर, क्ष-ज्ञच्या शेजारी. तिथवर पोचेपर्यंत मुलं दमलेली असतात. आणि त्याच्या जगात बघा: पळसदरीत ‘ळ’, केळवलीत ‘ळ’, आजीच्या टोपलीतला टाकळा, कवळा, जूनमध्ये विकलेली शेवळं. शाळा या शब्दातसुद्धा ‘ळ’.

तो म्हणताना मात्र ‘केलवली’ म्हणतो, ‘टाकला’ म्हणतो, ‘डोला’ म्हणतो. आमच्या रायगडात कितीतरी मुलांच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ होतो, आगरी मुलांच्याही. आधीची मी असते तर तिथेच अडवलं असतं, “टाकला नाही, टाकळा म्हण.” मग तो पुन्हा विहिरीकडे गेला असता. मी ठरवलं, डोळ्याने ‘ळ’ ओळखला आणि तोंडाने ‘ल’ म्हटला तरी चालेल. शब्द कळला ना? उच्चाराचं नंतर बघू. काही शिक्षकांना हे पटणार नाही. पटू नये असंही नाही, पण वाचन आणि शुद्ध उच्चार या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच मुलाकडून मागू नका एवढीच विनंती आहे.

दुसऱ्या दिवसापासून रोज पंधरा मिनिटं. खिचडी झाल्यावर, व्हरांड्यात, बाकी मुलं खेळत असताना. सुरुवातीला त्याला वाटलं शिक्षाच आहे, म्हणून मी रोज एक मूल त्याच्याबरोबर बसवायचे, ज्याला पाहिजे त्याने यायचं.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पाच अक्षरं लिहिली. ळ, क, ट, व, श. आणि दोनच खुणा, काना आणि मात्रा. बस. एवढ्यात काय काय होतं ते तुम्ही करून बघा. केळ, वेळ, टाळ, वाट, काका, काळा, शाळा, वेळा. टाकळा. कवळा. रोज एक शब्द तो सांगायचा, मी लिहायची, तो पत्ते लावून तसाच करायचा. चित्र एकही नाही. चित्र आलं की मुलं अक्षराकडे बघतच नाहीत.

एक दिवस पत्ते लावता लावता ‘कवळा’च्या ‘क’पुढे चुकून कान्याचा पत्ता पडला. तो बोट ठेवून वाचू लागला, “का... व... ला.” थांबला. पुन्हा वाचलं. मग एकदम हसत सुटला. “बाई, भाजीचा कावला झाला!”

मी इतकी वर्षं शिकवते आहे. काना म्हणजे काय, हे मी फळ्यावर शेकडो वेळा समजावलं असेल. एका उभ्या रेघेने भाजीचा पक्षी होतो, हे त्याने एका क्षणात समजून घेतलं आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला. मग आम्ही तोच खेळ धरला. कान्याचा पत्ता टाकायचा, काढायचा. ‘वट’चा ‘वाट’. ‘टळ’चा ‘टाळ’. काहींना अर्थ असायचा, काहींना नसायचा, आणि अर्थ नसला की तो म्हणायचा, “हा खोटा हाय.” खोटा शब्द ओळखायला आधी तो वाचावा लागतो, नाही का?

थोडं तांत्रिक सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. आपली बाराखडी म्हणायला सोपी पण वाचायला फसवी आहे. काना अक्षराच्या पुढे येतो, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे, पण ऐकू येते ती ‘क’च्या नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलाला हे केवढं कोडं! बारक्या ‘किती’पाशी अडून बसायचा. म्हणून मी पहिली वेलांटी बाजूला ठेवली आणि आधी दुसरी घेतली. ती अक्षरानंतरच येते, ‘ली’, ‘वी’, ‘टी’. त्याबरोबर ‘ल’ आणि ‘ड’ ही अक्षरं आली, आणि मात्रा-काना जोडून ‘डो’. त्या दिवशी त्याने कागदावर लिहिलेले केळवली आणि डोलवली हे दोन्ही शब्द अक्षर जोडून वाचले, डोळे शोधून नाही. मग आणखी अक्षरं हळूहळू. पण घ-ध, भ-म, प-ष, ट-ठ असे दिसायला सारखे जोडीदार एका आठवड्यात कधीच नाही. एक पक्कं झाल्यावर दुसरं, मध्ये भरपूर दिवस जाऊ द्यायचे. ‘ख’ तर सगळ्यात खट्याळ, तो ‘र’ आणि ‘व’ होऊन बसतो. ‘खोपोली’ला त्याने दोनदा ‘रवोपोली’ म्हटलं आणि मला हसू आवरेना. तोही हसला. आधी तो चुकला की रडवेला व्हायचा.

सप्टेंबरात आम्ही त्याची वाक्यं लिहायला लागलो. सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर या न्यूझीलंडमधल्या शिक्षिकेबद्दल आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. माओरी मुलांना शिकवताना ती रोज प्रत्येकाला विचारायची, तुला आज कुठला शब्द हवा? आणि तोच पत्त्यावर लिहून द्यायची. तिचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ सालचं आहे. मी तेच जरा पुढे नेलं, शब्दाऐवजी वाक्य. बारक्या सांगायचा तसंच लिहायचं. “मी आन आबा मुठे धराया गेलो. मुठा चावला. लय रगात आला.” (मुठे म्हणजे शेतातले काळे खेकडे, घाटावरच्या वाचकांसाठी सांगते.) ‘रगात’ला मी ‘रक्त’ केलं नाही. ‘रक्त’ लिहिलं तर जोडाक्षर येतं, आणि तो वाचताना मनात ‘रगात’ म्हणणार, म्हणजे पुन्हा बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. शाळेला भेट द्यायला आलेल्या एकांनी ही वही चाळून विचारलं, “बाई, हे अशुद्ध लेखन कसं काय?” मी म्हटलं, “हे त्याचं पहिलं पुस्तक आहे साहेब, दुसऱ्या आवृत्तीत सुधारू.” ते हसले, मी सुटले. पण मनात थोडी धाकधूक होतीच. निपुण भारतचं उद्दिष्ट तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचावं असं आहे, २०२१ मध्ये ते जाहीर झालं, मुदत २०२६-२७. त्या तक्त्यात ‘मुठे धराया गेलो’ला रकाना नाही.

आणि मुदतीचंच म्हणाल, तर माझी मुदत त्याहून जवळची होती. दिवाळी.

वीटभट्टीचं गणित आपल्या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. पावसाळ्यात घरात धान्य नसतं तेव्हा शेठकडून उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की टेम्पो येतो, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं भरून निघतं. मी ऑक्टोबरात वाडीवर गेले. आजीला म्हटलं, “आजी, या वर्षी त्याला तुमच्यापाशी ठेवा. वाचायला लागलाय तो.” आजी बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “बाई, त्यो हितं ऱ्हायला तर तिकडं धाकटीला कोन बघंल? आईबापाचे हात चिखलात.” धाकटी दोन वर्षांची. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हंगामी वसतिगृहाचंही बोलून पाहिलं. आई म्हणाली, “इतकं लहान पोर रातीचं कसं ठेवू?” माझा स्वतःचा मुलगा त्या वयात असता तर मीही हेच म्हटलं असतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा कुरणात. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, भोंगा म्हणजे भट्टीवरचं तात्पुरतं झोपडं. डी.एड.ला हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. वाडीवरून परत येताना फलाटावर बसून त्याच दोघींचा विचार करत होते. मला भट्टीवर शाळा काढता येणार नव्हती. पण शाळेचा एक डबा तर पाठवता येईल?

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पत्ते भरले, त्याच्या वाक्यांची वही, दोन कोऱ्या वह्या, पेन्सिली. शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, जवळच्या शाळेत दाखवा म्हणून वडिलांना तीनदा सांगितलं. आणि त्यांचा मोबाइल नंबर घेतला. रविवारी संध्याकाळी फोन करायचा ठरला. सुरुवातीला लागायचा, मग कधी रेंज नाही, कधी रिचार्ज नाही. पाच महिन्यांत बोलणं झालं असेल सात-आठ वेळा. तो फोनवर वाचून दाखवायचा, मी इकडे वहीची नक्कल समोर ठेवून ऐकायची. पाठ म्हणतोय की वाचतोय हे कळावं म्हणून मध्येच म्हणायचे, “खालून दुसरी ओळ.” तो शोधायचा, वेळ लागायचा, मागे ट्रकचा आवाज, धाकटीचं रडणं. मग यायची ती ओळ. जानेवारीनंतर फोन लागला नाही.

मेच्या शेवटी परत आला. डबा होता, पत्ते निम्मे नव्हते. धाकटीने चावले, काही पाण्यात गेले. बरीच अक्षरं विसरला होता, ‘ध’ पुन्हा ‘घ’ झाला होता. मी खचले होते, खोटं कशाला सांगू. पण जुलैमध्ये शून्यावरून आलो होतो, या जूनमध्ये शून्यावर नव्हतो. विसरलेलं आठवायला तीन आठवडे लागले, पहिल्यांदा शिकायला तीन महिने लागले होते. आणि एक गोष्ट त्याने भट्टीवर स्वतः केली होती. कोऱ्या वहीत त्याने शब्द उतरवून आणले होते, ट्रकच्या मागचे, दुकानाच्या पाटीवरचे, सिमेंटच्या गोणीवरचे. अर्धे त्याला वाचता येत नव्हते. “हे काय हाय ते तुला इचारायचं होतं,” म्हणाला. मला ‘तुला’ म्हणतो तो, वाडीवरची सगळी मुलं म्हणतात. मला आवडतं.

आता तो तिसरीत आहे. छोटा परिच्छेद वाचतो, बोट ठेवून, हळू. इतर मुलं वाचतात त्याच्या निम्म्या वेगानेही नाही. लिहिताना अक्षरं गाळतो. चार महिने मनापासून शिकवून बघा असं त्या विशेष शिक्षिका म्हणाल्या होत्या, ते करून झालं आहे, आणि मला वाटतं भट्टी, बोली, कान हे सगळं वजा करूनही काहीतरी उरतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. तिचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, तो आता आठ पूर्ण करतो आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. कर्जतहून लोकल आहे, पण तपासणी एका खेपेत उरकणारी नाही. आई किंवा बाप, कोणाचा तरी तितक्या दिवसांचा रोज बुडणार. तेवढ्या पैशांची सोय आम्ही दोघा शिक्षकांनी केली आहे. कागद तयार आहेत. प्रमाणपत्र मिळालं तर पुढे परीक्षेत सवलती मिळतील. मिळालं नाही तरी व्हरांड्यातली पंधरा मिनिटं चालूच राहणार आहेत.

पालकांपैकी कोणी विचारेल, माझं मूल वाचत नाही, तर त्यालाही काही आहे का? असेल, नसेल. आधी कान-डोळे बघा, मग त्याच्याच तोंडचे शब्द लिहून त्याच्यापुढे ठेवा, आणि शेजारच्या मुलाचं उदाहरण देऊ नका. आमच्या बारक्याला कोणी उदाहरण दिलं की तो अजूनही विहिरीकडे जातो.

गेल्या आठवड्यात पहिलीतली एक मुलगी पुस्तक घेऊन घडाघडा ‘वाचत’ होती. बारक्या शेजारी बसला होता. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि मग आपला पंजा चित्रावर ठेवला. “आता सांग,” म्हणाला.

उचल याही वर्षी घेतलेली आहे, आजीने परवाच सांगितलं. धाकटी आता तीन वर्षांची आहे, अंगणवाडीत बसते. आजी म्हणते बघू. मी पत्त्यांचा नवा संच करायला घेतलाय, या वेळी प्लास्टिकच्या पाकिटात, पाण्यात पडला तरी टिकेल असा. पहिली वेलांटी झाली, उकार झाले. जोडाक्षरं थोडी. रफार अजून बाकी आहे.